वेढ्यातल्या गडावर पंखवाला कशाला?

पत्र

ताई, मी नाशिकचा. आम्ही सहा जण दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एक पात्र घेऊन गोष्ट खेळायचा खेळ) खेळतो आणि या वेळी पहिल्यांदाच मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, आहे. कॅम्पेन, म्हणजे अनेक रविवार चालणारी गोष्ट, मीच रचलंय. घाटमाथ्यावरचा एक गड, ऐन पावसाळा, पायथ्याला शत्रूचा वेढा. कोठारातलं धान्य आटत चाललंय, मशालींचं तेल संपत आलंय आणि आतलाच कुणीतरी फितूर आहे. सुरुवात पहिल्या लेव्हलपासून. उत्साहाच्या भरात मी ग्रुपवर टाकलं, 'हवी ती रेस घ्या.' (रेस म्हणजे पात्राचा वंश.) आलेली यादी अशी: एक आराकोक्रा (पंखवाला पक्षीमानव), एक वॉरफोर्ज्ड (जिवंत यंत्रमानव), एक चेंजलिंग (रूप बदलणारा), एक गॉब्लिन. पाचवा म्हणतोय, 'मी साधा माणूसच घेतो, पण मग या सर्कशीत मी करू काय?' शिवाय माझ्या जगात गडाखालच्या वाडीत गॉब्लिन राहतात आणि त्यांना गडावरच्या टाक्यातलं पाणी भरू देत नाहीत, असं मी आधीच लिहून ठेवलंय. कुणाकडे नियमांचं २०१४ चं पुस्तक, कुणाकडे २०२४ चं. आता नाही कुणाला म्हणू, आणि म्हणू कसं?

— अडकलेला डीएम

उत्तर

अरे अडकलेल्या,

तुझी यादी वाचून मला आधी हसूच आलं. तू वेढा घातलास, आणि तुझ्या चौघांनी त्यातून सुटायची सोय खेळ सुरू व्हायच्या आधीच करून ठेवली. एक जण वरून उडून जाणार, एकाला जेवणच लागत नाही, एक जण शत्रूचाच चेहरा लावून छावणीतून चालत जाणार, आणि एकाला मशाल नसली तरी दिसतं. यात त्यांची चूक काही नाही. 'हवी ती घ्या' असं कुणी म्हटलं की माणूस पुस्तकातलं सगळ्यात चमचमीत पानच उघडतो.

कुठली रेस फार ताकदवान आहे या वादात तू पडू नकोस. त्या वादाला अंत नाही आणि तुझ्या टेबलाला त्याचा उपयोगही नाही. तू एवढंच बघायचं की तुझ्या कॅम्पेनमधली रोजची अडचण कोणती आहे आणि समोरची रेस ती अडचण मुळापासून पुसून टाकते का. हाच आराकोक्रा शहरातल्या राजकारणाच्या गोष्टीत असता तर मी डोळे झाकून हो म्हटलं असतं. तिथे पंख असून नसून सारखेच, कारण दरबारात बोलावंच लागतं. तुझ्याकडे मात्र चार अडचणी आहेत: बाहेर पडता येत नाही, खायला नाही, उजेड नाही आणि कुणावर विश्वास ठेवावा कळत नाही. प्रत्येक रेस या चौघींसमोर उभी करून बघ.

आधी आराकोक्रा घेऊ, खरा पेच तोच आहे. २०१५ मध्ये खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या खेळाडूंना तो मिळाला तेव्हा त्याचा उडण्याचा वेग ५० फूट होता. २०२२ च्या पुस्तकात तो चालण्याच्या वेगाइतका, म्हणजे ३० फुटांवर आणला. वेग घटला, पण मूळ गोष्ट तीच राहिली: पहिल्या लेव्हलपासून, एकही स्पेल (मंत्र) न खर्चता, हवं तेवढा वेळ उडणं. अट एवढीच की अंगावर मध्यम किंवा जड चिलखत नको. विझर्डला, म्हणजे जादूगार पात्राला, हेच करायला पाचव्या लेव्हलची वाट बघावी लागते, आणि तेव्हाही फ्लाय हे स्पेल दहा मिनिटं टिकतं, तेही लक्ष विचलित झालं नाही तर.

आता १६६० चा पन्हाळ्याचा वेढा आठव. सिद्दी जौहरने गडाभोवती महिनोन्‌महिने फास आवळून धरला होता. भर पावसात रात्री बाहेर पडायचं, विशाळगडाकडे धावायचं, मागे शत्रू लागलेला, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू पाय रोवून उभे. आपण हे सगळं लहानपणापासून अंगावर काटा आणून ऐकत आलो, कारण दुसरी वाट नव्हती. रोज रात्री चिठ्ठी घेऊन विशाळगडाला उडत जाऊन येणारा एक जण गडावर असता, तर यातलं किती उरलं असतं? तुझ्या कॅम्पेनचंही तसंच होईल. पहिल्याच सेशनला आराकोक्रा म्हणेल, 'मी वरून जाऊन मदत घेऊन येतो,' आणि तुझ्याकडे उत्तर नसेल.

उत्तर आहे, असं तुला कुणीतरी अनुभवी मित्र सांगेल. डीएमच्या पुस्तकातच नियम आहे: जोराचा वारा असेल तर उडणाऱ्याला आपल्या टर्नच्या शेवटी खाली उतरावं लागतं, नाहीतर तो पडतो. पावसाळी घाटमाथ्यावर वाऱ्याला काय तोटा! शिवाय खाली धनुर्धारी आहेत, लाँगबोचा पल्ला १५० फूट, नेम बिघडवून ६०० फुटांपर्यंत. वर बेशुद्ध झाला की प्रत्येक दहा फुटांना एक डी-सिक्स (सहा बाजूंचा फासा) इजा घेत खाली. नियम सगळे तुझ्याच बाजूचे आहेत. तरीही या वाटेने जाऊ नकोस. दर रविवारी वारा सुटणार असेल तर तू त्या मुलाला 'हो' म्हणत 'नाही'च सांगितलंयस, फक्त त्याला ते हप्त्याहप्त्याने कळणार. मी अशी टेबलं पाहिली आहेत. तिसऱ्या-चौथ्या सेशनपर्यंत त्या खेळाडूचं तोंड उतरतं, आणि डीएमला कळत नाही की आपण तर परवानगी दिली होती, मग हा रुसला का.

म्हणून आराकोक्राला स्पष्ट नाही. त्याच हिशेबाने आउलिन, फेअरी, पंखवाला टीफ्लिंग या उडणाऱ्या रेसनाही. एकाला नाही म्हणून दुसऱ्याला हो म्हणालास तर भांडण ओढवून घेशील.

नाही म्हणताना लाजायचं कारण नाही, कारण हा खेळ जन्मापासून नाही म्हणत आलाय. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो छापला तेव्हा माणूस, ड्वॉर्फ, एल्फ आणि हॉबिट एवढेच पर्याय होते (चौथ्याचं नाव पुढे कायद्याच्या कटकटीमुळे हाफलिंग झालं). त्यातही माणूस सोडून बाकीच्यांना लेव्हलचं कुंपण होतं: ड्वॉर्फ लढवय्या सहाव्या लेव्हलला थांबायचा, हॉबिट चौथ्याला. ती कुंपणं २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गेली, आणि गेली ते बरंच झालं. पण गोष्टीनुसार यादी छाटायची रीत राहिली. १९९१ च्या डार्क सन या वाळवंटी जगात नोम्स नाहीतच, त्यांचा वंशसंहार होऊन गेलाय, आणि हाफलिंग तिथे माणसं खातात. ड्रॅगनलान्सच्या जगात ऑर्क नाहीत आणि हाफलिंगच्या जागी केंडर आहेत. ती जगं लोकांच्या लक्षात राहिली त्यात या नसण्याचा मोठा वाटा आहे. एवढंच कशाला, २०१४ च्या खेळाडूंच्या पुस्तकातही ड्रॅगनबॉर्नपासून पुढच्या रेस दुर्मीळ आहेत, त्या प्रत्येक जगात असतीलच असं नाही, असं स्वच्छ लिहिलंय. हे पान मुलांना दाखव.

वॉरफोर्ज्डबद्दल माझं मत तुला अनपेक्षित वाटेल: त्याला येऊ दे. तो खात नाही, पीत नाही, श्वासही घेत नाही, हे खरं. त्यामुळे 'पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) उपाशी मरतेय' अशी गोष्ट असती तर मी नको म्हटलं असतं. पण तुझ्या गडावर शेकडो लोक असतील ना? मग पाचातलं एक तोंड कमी झाल्याने कोठाराला काय फरक पडतो? उलट पंगतीत सगळ्यांच्या पानात अर्धी भाकरी पडतेय आणि हा एक जण नुसता बसून आहे, त्याच्याकडे लोक कसे बघतील याचा विचार कर. रात्री तो झोपतही नाही, सहा तास निश्चल पण जागा असतो. म्हणजे पहारा कायम त्याच्याकडे. आणि फितुरी झाली की पहिला संशयही त्याच्यावरच. एवढा ऐवज फुकट मिळतोय तर घे की.

तुझ्या कोठाराला खरा धोका रेसचा नाहीच. गुडबेरी नावाचं पहिल्या लेव्हलचं स्पेल आहे. ड्रुइड या मंत्र टाकणाऱ्या पात्राने ते टाकलं की दहा बोरं, आणि एक बोर खाल्लं की माणसाचं दिवसाचं पोट भरलं. पुढे पाचव्या लेव्हलला क्लेरिकला, म्हणजे पुजारी पात्राला, क्रिएट फूड अँड वॉटर मिळतं, एका फटक्यात पंधरा जणांची सोय. रेसची यादी कितीही काटेकोर केलीस आणि या दोघांकडे बघितलं नाहीस, तर दार लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं होईल. ही स्पेल्स काढून टाक, किंवा गडावरची माणसं इतकी वाढव की दहा बोरं कुणाला द्यायची हाच प्रश्न होऊन बसेल. मी दुसरं करेन. ड्रुइडच्या हातात दहा बोरं आणि समोर चाळीस पोरं. याहून चांगला सेशन तुला लिहूनही सुचणार नाही.

चेंजलिंग ही या कॅम्पेनसाठी माझी सगळ्यात लाडकी निवड आहे. फक्त एका गोष्टीची काळजी घे. पन्हाळ्याच्याच गोष्टीत शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसले. सोंग उघडं पडणार आणि पडलं की मरण, हे त्यांना ठाऊक होतं. वजन आहे ते त्यात. तुझ्या चेंजलिंगला सोंग इतकं स्वस्त पडलं की पकडलं जायची भीतीच नाही, तर छावणीत जाऊन येणं म्हणजे वाण्याकडे जाऊन येणं होईल. नियमांनी तुला पुरेसा अडसर दिलाय. ज्याला कधी पाहिलेलंच नाही त्याचं रूप घेता येत नाही. कपडे आणि हत्यारं बदलत नाहीत, ती कुठून तरी मिळवावी लागतात. चेहरा आणि आवाज आला म्हणजे त्या माणसाच्या आठवणी येत नाहीत. छावणीच्या चौकीवर 'काल तुझ्या भावाला काय झालं रे?' असा एक साधा प्रश्न पुरे. आणि शत्रूलाही चेंजलिंग ही गोष्ट माहीत आहे असं ठरव, म्हणजे तेही परवलीचे शब्द ठेवतील. राहता राहिला गडातला फितूर. पार्टीतच एक चेहरा बदलणारा आहे म्हटल्यावर संशयाचं बी तू न पेरता उगवेल. ते गंमतीपुरतं राहावं म्हणून त्या खेळाडूला आधीच विचारून ठेव, की लोकांनी तुझ्यावर संशय घेतला तर तुला मजा येईल की राग येईल.

आता तुझा माणूस. त्याला सांग की मशाल त्याच्यासाठीच पेटते. २०२४ च्या पुस्तकातल्या दहांपैकी सात रेसना अंधारात दिसतं. फक्त माणूस, हाफलिंग आणि गोलायथ यांना दिसत नाही. जिथे सगळी पार्टी डार्कव्हिजनवाली असते तिथे अंधार नावाची गोष्ट संपते आणि डीएम तेल मोजणं सोडून देतो. तुझी पार्टी योगायोगाने चांगली निघाली आहे: चेंजलिंगला दिसत नाही, वॉरफोर्ज्डलाही नाही. एकट्या गॉब्लिनला ६० फुटांपर्यंत दिसतं, तेही संधिप्रकाशासारखं, म्हणजे नजरेने काही शोधायचं तर डिसअॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा) आहेच. त्यात मुसळधार पावसाने उघड्या ज्वाळा विझतात, हा नियम पुस्तकातच आहे. त्यामुळे आराकोक्राच्या जागी एल्फ किंवा ड्वॉर्फ आणायचं कुणी म्हणालं तर थोडा विचार कर. हाफलिंग किंवा दुसरा माणूस आला तर बरं.

आणि 'मी करू काय' याचं उत्तर नियमांत थोडंसं आहे: नव्या पुस्तकात माणसाला सुरुवातीलाच एक जादा फीट (खास गुण), एक जादा स्किल आणि प्रत्येक लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) हिरोइक इन्स्पिरेशन (फासा पुन्हा टाकायची मुभा) मिळतं. पण त्याचं खरं बळ तू द्यायचं आहेस. गडावर त्याचं कुटुंब ठेव. धाकटी बहीण कोठारावर, चुलता दरवाजावर, आजी तापाने फणफणलेली. बाकीच्या चौघांना गड सोडता येईल, याला येणार नाही. मग बघ सर्कस कुणाभोवती फिरते ते.

गॉब्लिनवर मला जरा थांबायचंय. त्याच्या ताकदीबद्दल माझी काही तक्रार नाही. लहान चण, झटकन लपणं, निसटणं, वेढ्याच्या गोष्टीला छान आहे. मला थांबवलं ते तुझ्या टाक्याने. एका समाजाला पाणी भरू न देणं ही तुझ्या-माझ्यासाठी कल्पनेतली गोष्ट नाही. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सत्याग्रह केला तो १९२७ साली, आणि पाण्यावरून माणसाला हाकलल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. तुझ्या सहा जणांत कुणाच्या घरात ही आठवण किती जवळची आहे, हे तुला माहीत असेलच असं नाही. कुणाला रविवारची संध्याकाळ त्यापासून चार तास लांब राहायला हवी असेल, आणि कुणाला नेमकी हीच लढाई खेळायची असेल. दोन्ही योग्य आहे. पण विचारल्याशिवाय हे टेबलावर आणायचं नाही. प्रत्येकाला वेगळं विचार, ग्रुपवर नको. ग्रुपवर सगळे 'चालेल' म्हणतात.

एकाने जरी नको म्हटलं तरी टाकं मोकळं कर. त्याने कॅम्पेन कोसळत नाही, गॉब्लिनांना गडावर न घ्यायची दुसरी शंभर कारणं तुला सुचतील. ते वेढा घालणाऱ्यांच्या राज्यातून पळून आलेत म्हणून गडकऱ्याला संशय आहे, हे कसं वाटतं? आणि सगळे हो म्हणाले तर मग ते नीट कर. पाणी बंद करणारा कोण, त्याला त्यातून काय मिळतं, गॉब्लिन त्याबद्दल आपसांत काय बोलतात, हे सगळं लिही. 'गॉब्लिन घाणेरडेच असतात' हे तुझ्या जगाचं सत्य म्हणून येऊ देऊ नकोस. गडावरच्या एखाद्या माणसाच्या तोंडी ते येऊ शकतं, कारण माणसं तसं बोलतात. निवेदकाच्या, म्हणजे तुझ्या तोंडी येता कामा नये. खेळही या वाटेने हळूहळू बदललाय. २०१६ च्या एका पुस्तकात ऑर्क घेतला की बुद्धीचे दोन गुण वजा व्हायचे. २०२० मध्ये ती वजाबाकी काढून टाकली, आणि २०२४ मध्ये ऑर्क मुख्य पुस्तकातल्या दहांत येऊन बसला.

जाता जाता वयाचं बघून ठेव. एल्फ सातशे वर्षांच्या वर जगतो, ड्वॉर्फ साधारण साडेतीनशे. गडाची चोरवाट दोनशे वर्षांपूर्वी बुजवली आणि ती कुणालाच आठवत नाही, असं तुझं गुपित असेल, तर कुणीतरी पुढेमागे एल्फ आणेल आणि म्हणेल, 'मी तेव्हा इथेच होतो.' गुपित सहज आठशे-नऊशे वर्षं मागे ढकल, नाहीतर एल्फच ठेवू नकोस.

दोन पुस्तकांचा गुंता दिसतो तेवढा नाही. २०१४ च्या पद्धतीत ॲबिलिटी स्कोअरची (ताकद, बुद्धी वगैरेंच्या गुणांची) वाढ रेसमधून यायची, २०२४ मध्ये ती बॅकग्राउंडमधून (पात्राच्या पूर्वेतिहासातून) येते. जुनी रेस आणि नवं बॅकग्राउंड घेणाऱ्याला दोन्हीकडून मिळता कामा नये. जुन्या रेसमधली वाढ सोडून द्यायची, बस. सगळ्यांना २०२४ च्याच पद्धतीने बॅकग्राउंड घ्यायला लाव, म्हणजे तुला पाच वेगवेगळे हिशेब तपासत बसावं लागणार नाही. आराकोक्रा आणि चेंजलिंग दोघांच्याही एकाहून जास्त आवृत्त्या फिरतात, तेव्हा कुठली चालेल ते नावानिशी सांग.

आता नाही कसं म्हणायचं. ग्रुपवर नाही, आराकोक्रावाल्या मुलाला फोन कर, आणि रविवारच्या आधी कर. त्याने मिनिएचर (पात्राची छोटी मूर्ती) रंगवायला घेतली की उशीर झाला. पहिला प्रश्न हा विचार: 'आराकोक्रात तुला नेमकं काय आवडलं?' उत्तरावर पुढचं अवलंबून आहे. वरून टेहळणी करायची हौस असेल तर विझर्ड घे म्हणावं, फाइंड फॅमिलियर या स्पेलने ससाणा मिळतो आणि १०० फुटांच्या आत त्याच्या डोळ्यांनी बघता येतं. डोंगरातला एकांडा पाखरासारखा माणूस रंगवायचा असेल तर रेंजर आहे, कडे चढणारा. नुसतंच उडायचं असेल तर विझर्ड किंवा सॉर्सरर घेऊन पाचव्या लेव्हलपर्यंत थांब, तोवर वेढा तसाही मोडकळीला आणायचा तुझा विचार असेलच.

बोलायला अडखळशील म्हणून मजकूर देते, तुझ्या भाषेत फिरवून घे: 'हवी ती रेस घ्या म्हणालो होतो, पण तेव्हा मी नीट विचार केला नव्हता. आपल्या गोष्टीत गडाबाहेर पडणं हेच सगळ्यात अवघड आहे, आणि ते सगळ्यांनी मिळून करायचंय. त्यामुळे उडणारी रेस या वेळी कुणालाच नाही. दुसरं काय घेशील त्यात मी तुला हवी ती मदत करतो, आज रात्रीच बसू.' माफी एकदाच माग. लांबलचक माफी मागितली की समोरच्याला वाटतं अजून घासाघीस चालेल.

आणि फोनवर तो म्हणालाच की 'मला वेढाच नकोय, मला ढगांतून फिरायचंय,' तर चिडू नकोस. बाकी तिघांनाही तोच प्रश्न टाक. पाचातल्या चौघांनी सुटकेचे मार्ग निवडले, तो कदाचित नुसता योगायोग नसेल. त्यांना वेढा हवाय की नाही हे तू अजून विचारलेलंच नाहीस.

— ताई